शिक्षणाचा वाटा घटला, म्हणजे पैसा घटला का?

बडोद्यात दांडिया बाजाराच्या एका गल्लीत आमची छोटी अभ्यासिका आहे. दिवसा तिथे कॉलेजची मुलं वाचत बसतात आणि संध्याकाळी दोन शिक्षिका सातवी ते दहावीच्या मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवतात. ह्या दोघींचं मानधन एक कंपनी देत होती. यंदा ते बंद झालं. पत्र दोन ओळींचं होतं: प्रकल्पाची मुदत संपली, सहकार्याबद्दल आभार.

आठवड्याभरात एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. ह्याच वर्गात शिकून ती आता बी.कॉम.ला आहे. तिने मोबाईलवर त्या कंपनीचे दोन वार्षिक अहवाल उघडले होते, एक चार वर्षांपूर्वीचा आणि एक आत्ताचा. दोन्हींत एकेक रंगीत वर्तुळ होतं: निळं शिक्षण, लाल आरोग्य, हिरवं पाणी. "काकू, बघा ना. तेव्हा निळा रंग अर्धा होता, आता तिसरा हिस्सा उरलाय. ह्यांनी शिक्षणाचा पैसा कापला, म्हणूनच आपल्या वर्गाची मदत बंद पडली."

मी ३१ वर्षं एका कारखान्याच्या हिशेब खात्यात काम केलं. तिचा राग मला समजत होता, पण त्या वर्तुळावरून ती म्हणत होती ते सिद्ध होत नव्हतं. तिला जे समजावलं ते इथे जरा सविस्तर लिहिते. अशा मदतीवर चालणाऱ्या शाळा, दवाखाने, वाचनालयं आपल्या शहरात बरीच आहेत आणि दरवर्षी कुणीतरी हीच वर्तुळं बघून असंच गोंधळून जातं.

## हा पैसा येतो कुठून

ह्या खर्चाला सगळे सीएसआर म्हणतात. कंपनीने नफ्यातला थोडा भाग समाजासाठी खर्च करायचा, एवढाच त्याचा अर्थ. २०१३च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं आणि १ एप्रिल २०१४पासून ते लागू झालं. आदल्या वर्षी कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी किंवा त्याहून जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, यांपैकी एक जरी असलं तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात. कशावर, तेही कायद्याच्या सातव्या अनुसूचीत लिहिलेलं आहे: भूक आणि कुपोषण, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचं सक्षमीकरण, पर्यावरण, वारसा, खेळ, ग्रामविकास वगैरे. त्या यादीतलं काय निवडायचं आणि कशाला किती द्यायचं, हे मात्र कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं.

बडोद्याला ही गोष्ट नवी नाही. अलेम्बिक १९०७पासून इथे आहे, रिफायनरी आणि खताचा कारखाना साठच्या दशकात आले. कारखान्यांच्या वसाहतींजवळ शाळा उभ्या राहिल्या त्या ह्या कायद्याच्या कितीतरी आधी. आता फरक असा, की कंपनीने फक्त स्वतःच्या कामगारांच्या सोयीसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही.

## वर्तुळात रुपये दिसत नाहीत

माझे वडील पगाराच्या दिवशी पाकिटं करायचे. घरभाडं, किराणा, आमच्या शाळेची फी, औषधं आणि गणपती. एका वर्षी आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि औषधांचं पाकीट एकदम जाड झालं. त्या वर्षी कुणी आमच्या घरखर्चाचं वर्तुळ काढलं असतं तर त्यात शाळेच्या फीचा हिस्सा बारीक दिसला असता. फी मात्र तेवढीच भरली गेली होती. वडिलांनी जादा पाळ्या केल्या, घरात एकूण पैसाच जास्त आला आणि जास्तीचा सगळा आजीकडे गेला.

कंपनीचंही तसंच. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. समजा, चार वर्षांपूर्वी तिने एकूण ४ कोटी खर्च केले: शिक्षणाला २ कोटी, आरोग्याला १ कोटी, पाण्याला १ कोटी. यंदा एकूण ९ कोटी: शिक्षणाला ३, आरोग्याला ४, पाण्याला २. वर्तुळात शिक्षण निम्म्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर आलं, पण रुपये दीडपट झाले. चार वर्षांच्या महागाईमुळे ही वाढ प्रत्यक्षात दीडपटीहून कमी आहे हे खरं. तरीही कपात झाली असं म्हणता येत नाही.

उलटंही होतं आणि ते जास्त फसवं असतं. एकूण खर्च ५ कोटींवरून ३ कोटींवर आला आणि शिक्षणाचा हिस्सा ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला, तर अहवालात ठळक अक्षरांत छापतील: शिक्षणावर निम्मा खर्च! शिक्षणाला मिळणारे पैसे तोवर २ कोटींवरून दीड कोटीवर आलेले असतात. म्हणून मी त्या मुलीला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की प्रत्येक रंगाखाली आधी रुपये लिही.

## एकूण रक्कमच का हलते

विहिरीचं पाणी एक पावसाळा कोरडा गेला म्हणून लगेच आटत नाही. मागच्या पावसावर ती वर्ष काढते. मात्र दुष्काळ संपून पहिला चांगला पाऊस पडला तरी विहीर लगेच भरतही नाही. तीन वर्षांच्या सरासरीने सीएसआरचं नेमकं असंच होतं.

समजा, कंपनीचा नफा तीन वर्षांत १००, १६० आणि ४० कोटी झाला. सरासरी १०० कोटी, दोन टक्के म्हणजे २ कोटी. तिसऱ्या वर्षी धंदा पार बसला तरी मदतीचा आकडा छान दिसतो. पुढच्या वर्षी नफा २० कोटींवर आला तर सरासरी १६०, ४० आणि २० यांची, म्हणजे सुमारे ७३ कोटी, आणि सीएसआर सुमारे १ कोटी ४७ लाख. त्यापुढे नफा सावरून ३० कोटी झाला तरी सरासरी ४०, २० आणि ३० यांची निघते, ३० कोटी, आणि सीएसआर ६० लाख. नफा वाढलेला आणि मदत निम्म्याहून खाली. बाहेरून बघणाऱ्याला हा कोतेपणा वाटतो. खरं तर जुन्या चांगल्या वर्षाचा आकडा सरासरीतून गळून पडलेला असतो.

ह्यात आणखी एक गोष्ट मिसळते. कंपनीने एखाद्या वर्षी ठरल्यापेक्षा जास्त खर्च केला तर तो जादा आकडा तिला पुढच्या तीन वर्षांत वळता करता येतो. तिजोरी भरलेली असूनही एखाद्या वर्षी खर्च आखूड दिसतो तो कधीकधी ह्यामुळे.

## एकच संडास, दोन रंग

सरकारी शाळेत मुलींसाठी संडास बांधला. हा खर्च शिक्षणाचा की स्वच्छतेचा? सातव्या अनुसूचीत आरोग्य, स्वच्छता आणि पिण्याचं शुद्ध पाणी हे भूक आणि कुपोषणाच्याच कलमात आहेत. शिक्षण आणि रोजगारासाठीचं कौशल्य हे दुसऱ्या कलमात. शाळेत पाण्याचं शुद्धीकरण यंत्र बसवलं तर ते निळ्या रंगात घाला किंवा लालमध्ये, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. शिवणकामाचा वर्ग शिक्षणात जाईल किंवा महिला सक्षमीकरणात.

अहवालातलं रंगीत वर्तुळ कायद्याने मागितलेलं नाही, ते कंपनीची हौस असते. त्यातली नावंही कंपनीच ठरवते. एका वर्षी "शिक्षण" लिहितात, पुढे नवा अधिकारी येतो आणि त्याचेच "शिक्षण" आणि "कौशल्य" असे दोन तुकडे करतो. निळा रंग घटतो, पण कुणाचाही एक रुपया हललेला नसतो. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना रंगांच्या नावांची यादी आधी जुळवून बघावी. नावं बदललेली असतील तर ती तुलना सोडून द्यावी.

## खरे बदल कशाने होतात

आतापर्यंत दिसण्यातल्या फसगती सांगितल्या. पण पैसा खरोखर एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळतोही, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी भोगलं आहे. मार्च २०२०मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने सांगितलं, की कोविडवरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाईल. देशभरात २०१९-२०मध्ये शिक्षणावर सुमारे ७,१०० कोटी आणि आरोग्यावर सुमारे ४,९०० कोटी खर्च झाले होते. पुढच्याच वर्षी आरोग्य सुमारे ७,३०० कोटींवर गेलं आणि शिक्षण सुमारे ६,७०० कोटींवर उतरलं. इथे हिस्सा घटला आणि रुपयेही घटले. तेही कधी, तर शाळा बंद होत्या, मुलं एका मोबाईलवर तीन भावंडं मिळून शिकत होती आणि कितीतरी जणांचा अभ्यास कायमचा सुटला तेव्हा. ऑक्सिजन तेव्हा आधी हवाच होता, त्यावर मी वाद घालणार नाही. पण त्या दीड वर्षात मागे पडलेली मुलं आमच्या संध्याकाळच्या वर्गात अजून अपूर्णांकांत अडखळतात, हे मी रोज बघते. २०२२-२३पर्यंत शिक्षणाचा आकडा १० हजार कोटींच्या पुढे गेला. पैसा परत आला तोवर ती मुलं दोन-तीन इयत्ता पुढे सरकली होती.

आपत्ती निवारण हे कलम अनुसूचीत आलं ते २०१९मध्ये. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं ते आपण पाहिलं. अशा वर्षी कंपनीने धान्याची किटं, औषधं आणि दुरुस्तीवर खर्च केला तर तिच्या वर्तुळात एक नवा रंग उगवतो आणि पुढच्या वर्षी नाहीसा होतो. त्या एका वर्षाने बाकीचे सगळे रंग आक्रसलेले दिसतात. अशी वर्षं तुलनेसाठी धरू नयेत.

तिसरं कारण सरकारी. केंद्राच्या मालकीच्या कंपन्यांना सरकार एखादा समाईक विषय सुचवतं. २०१८-१९साठी तो शालेय शिक्षण आणि आरोग्य असा होता, आणि वर्षाच्या सीएसआर खर्चातला सुमारे ६० टक्के भाग त्यावर, शक्यतो आकांक्षित जिल्ह्यांत, करा असं सांगितलं होतं. आकांक्षित म्हणजे विकासात मागे राहिलेले, केंद्राने निवडलेले जिल्हे. गुजरातेत असे दोन आहेत, दाहोद आणि नर्मदा. आपल्या शेजारच्या कारखान्याचा पैसा नर्मदा जिल्ह्यात राजपीपळ्याकडच्या आदिवासी पाड्यावर का गेला, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. आणि तो तिकडे गेला याचं मला तरी वाईट वाटत नाही.

## बांधकामाचा पैसा आणि पगाराचा पैसा

आमच्या वर्गाची मदत बंद पडण्याचं कारण ह्या भागात आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

निळा रंग एकच असला तरी त्याच्या आत दोन अगदी वेगळे पैसे असतात. वर्गखोली बांधली, फळा बसवला, संगणक दिले, की खर्च एकदाच होतो. फोटो निघतो, फीत कापली जाते, हिशेब पूर्ण. शिक्षिकेचा पगार तसा नसतो. तो दर महिन्याला लागतो, आणि ज्या महिन्यात थांबतो त्या महिन्यात शिकवणं थांबतं.

कायदा अनेक वर्षांच्या कामाला "चालू प्रकल्प" म्हणतो, आणि त्याला मुदत घालतो: ज्या वर्षी सुरू झाला ते सोडून तीन वर्षं. म्हणजे फार तर चार आर्थिक वर्षं. नंतर कंपनीने पुन्हा नवा प्रकल्प म्हणून तेच काम घ्यायला बंदी नाही. पण नव्याने ठराव करावा लागतो, आणि ज्या वर्षी ठराव करायचा त्याच वर्षी नेमकी सरासरी खाली आली असेल, किंवा दुसऱ्या कुणाची मागणी टेबलावर असेल, तर जुनं काम मागे पडतं. त्यात कुणाचा आकस नसतो. पण मुलांच्या दृष्टीने परिणाम तोच.

मला ह्यातली खरी चूक दिसते ती इथे. महिन्यामहिन्याला लागणारी कामं आपण वर्षावर्षाला हलणाऱ्या पैशावर उभी करतो. देणाऱ्याने सुरुवातीलाच सांगायला हवं, की हे चार वर्षांचं आहे. आणि घेणाऱ्याने दुसऱ्या वर्षापासूनच पुढची सोय बघायला हवी.

## उरलेला पैसा कंपनी ठेवून घेते का

पूर्वी तसं होऊ शकत असे. खर्च झाला नाही तर अहवालात कारण लिहायचं, एवढंच बंधन होतं. २२ जानेवारी २०२१पासून नियम कडक झाले. चालू प्रकल्पाचे पैसे उरले तर आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, ते बँकेत वेगळ्या खात्यात टाकावे लागतात आणि तीन वर्षांत खर्चावे लागतात. चालू प्रकल्पाचे नसतील तर सहा महिन्यांत अनुसूचीतल्या एखाद्या सरकारी निधीत जमा करावे लागतात. टाळलं तर कंपनीला दंड आहे आणि जबाबदार अधिकाऱ्यालाही.

ह्याचाही आकड्यांवर परिणाम होतो. एखाद्या वर्षी "पाणी" अचानक फुगलेलं दिसतं, कारण मागच्या दोन वर्षांचे अडकलेले पैसे त्या वर्षी खर्च झाले. अहवालाच्या शेवटी सीएसआरचं जोडपत्र असतं, त्यात मागच्या तीन वर्षांच्या उरलेल्या रकमांचा तक्ता दिलेला असतो. तो वाचल्याशिवाय वर्तुळावर बोलू नये असं माझं मत आहे.

## पण हे सगळं कर वाचवण्यासाठीच ना?

हा प्रश्न हमखास येतो. सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा करता येत नाही, हे २०१४च्या अर्थसंकल्पातच स्पष्ट झालं होतं. काही ठराविक देणग्यांना वेगळी कलमं लागू होतात, पण कर वाचवायला कंपनी शाळा बांधते हे सरसकट खरं नाही.

## बडोद्याचा नफा, मग मदत बाहेर का?

कायदा म्हणतो, की कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्या. मंत्रालयाने पुढे खुलासा केला, की ही सूचना आहे, सक्ती नाही. त्यामुळे हट्ट धरता येत नाही, मागणी मात्र करता येते. बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूच्या गावांनी तर ती जरूर करावी, कारण कारखान्यांची हवा आणि पाणी त्यांच्या वाट्याला येतं.

## सरकारचं काम कंपन्यांनी का करायचं?

करू नये, आणि करताही येणार नाही. २०२२-२३मध्ये देशातल्या सगळ्या कंपन्यांनी सगळ्या कामांवर मिळून सुमारे ३० हजार कोटी खर्च केले. त्याच वर्षी केंद्राच्या एकट्या शिक्षण मंत्रालयाची तरतूद सुमारे १ लाख ४ हजार कोटी होती, आणि राज्यांचा खर्च वेगळाच.

आपल्या शहराला ह्याचं उत्तर आधीच माहीत आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केलं. ते टिकलं, कारण त्याचा खर्च दरवर्षी राज्याच्या खजिन्यातून जात होता. नफ्याच्या सरासरीवर प्राथमिक शिक्षण सोपवलं असतं, तर पहिल्या मंदीत शाळांना कुलपं लागली असती. कंपनीचा पैसा त्याच्या बाजूला चांगला शोभतो: नवं काही करून बघायला, सरकारचा हात पोचत नाही तिथे पोचायला, पुरासारख्या वेळी धावून यायला.

## आमच्या वर्गाचं काय झालं होतं

मी आणि त्या मुलीने दोन संध्याकाळी बसून चार वर्षांची जोडपत्रं काढली. शिक्षणाचे रुपये घटलेले नव्हते, वाढलेले होते. वाढलेला पैसा मालमत्तेच्या तक्त्यात सापडला: तीन शाळांमधल्या डिजिटल वर्गखोल्या. आमच्या वर्गाचा प्रकल्प २०२१-२२मध्ये सुरू झाला होता आणि मार्च २०२५मध्ये त्याची मुदत नियमाप्रमाणे भरली. कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आता त्या मुलीने अर्ज लिहायला घेतला आहे. कंपन्या वर्षाचा कृती आराखडा मंजूर करतात तो साधारण नवं आर्थिक वर्ष लागताना, त्यामुळे तो जानेवारीतच द्यायचा असं ठरलं. अभ्यासिका चालवणाऱ्या न्यासाची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे कंपन्यांची सीएसआरची कामं घेण्यासाठी संस्थेला लागणारी सरकारी नोंदणी, आहे; तो क्रमांक तिने वरच घातला. खाली दोन शिक्षिकांचं बारा महिन्यांचं मानधन, खडू आणि वह्यांचा खर्च, आणि चार वर्षांत किती मुलं दहावीच्या परीक्षेला बसली त्याचा तक्ता. एक ओळ तिने स्वतःहून जोडली: मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी आम्हाला कळवावं.

दोन्ही शिक्षिका दहावीच्या परीक्षेपर्यंत येणार आहेत. पालकांनी आपसांत वर्गणी काढून त्यांच्या रिक्षाभाड्याची सोय केली आहे.